पोटाचा घेर आणि ऊणोदरीचे व्रत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टने सेवेची पन्नास वर्षे पूर्ण केली, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी आरोग्यावर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा संयोजकांनी मला केली. आरोग्य हा विषय मोठा आणि हाती असलेला वेळ थोडा. म्हणून मी शरीराचा एकच भाग निवडला आहे, तो म्हणजे पोट. हे ऐकताच समोरच्या रांगेतील काही बंधूंनी सदऱ्याची बटणे सावरली, ते मी पाहिले. संकोच करू नये. आज मी ज्या पोटाची कथा सांगणार आहे, ते प्रथम माझेच आहे.

२०११ च्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब शत्रुंजयाच्या यात्रेला गेलो. त्या वेळी माझे वय ४७ होते. वैद्यकीय व्यवसायात मला वीस वर्षे झाली होती. दररोज रुग्णांना वजन कमी करण्याचा उपदेश करीत होतो आणि माझ्या स्वतःच्या कमरेचा घेर मात्र १०४ सेंटिमीटर होता. पालिताण्याच्या त्या डोंगराला साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. निम्म्या वाटेवर माझा श्वास पुरेना, गुडघे थरथरू लागले. अखेर मी डोलीत बसलो. माझी ७१ वर्षांची आई हातात काठी घेऊन, नवकार म्हणत, एकेक पायरी चढत होती. मला वाहून नेणाऱ्या माणसांच्या मानेवरच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. त्यांपैकी एकाचेही वजन माझ्या वजनाच्या जवळपास नसावे. आयुष्यभर मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून जपून चालणारा मी, माझ्या जिभेने साठविलेले ओझे दुसऱ्यांच्या खांद्यावर टाकून दादांच्या दर्शनाला चाललो होतो.

वृद्ध आणि आजारी यात्रेकरूंना डोलीचा आधार असणे योग्यच आहे. माझी लाज वेगळी होती. मी वृद्धही नव्हतो आणि आजारीही नव्हतो.

खाली उतरल्यावर धर्मशाळेत आई मला एवढेच म्हणाली, "अरे, तू दर पर्युषणात अठ्ठाई करतोस, त्याची मी अनुमोदना करते. पण रोजच्या ताटावर ऊणोदरी कधी केलीस का?" मी निरुत्तर झालो. आजचे माझे संपूर्ण व्याख्यान हे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

पोटावरची चरबी निराळी का?

शरीरातील सर्व चरबी सारखी नसते. त्वचेखाली जी चरबी असते, ती चिमटीत धरता येते. दुसरी चरबी पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांच्या अवतीभवती साठते. ती चिमटीत येत नाही, परंतु घातक तीच. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात, यकृतात चरबी साचते, इन्शुलिनचा प्रभाव उणावतो आणि पुढे मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांची वाट मोकळी होते. मांड्यांवर साठणाऱ्या चरबीपेक्षा पोटावर साठणारी चरबी अधिक रोगकारक असते, हे फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. जाँ वाग यांनी १९४७ मध्येच दाखवून दिले होते.

आपण भारतीय या बाबतीत विशेष दुर्दैवी आहोत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आतून चरबीयुक्त, अशी आपली घडण आहे. त्यामुळे "माझे वजन तर बेताचेच आहे" या समाधानावर आपण विसंबू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३९.५ टक्के व्यक्तींच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला.

हा घेर मोजण्यास वजनकाट्याची गरज नाही, शिंप्याची टेप पुरे. पँटचा पट्टा पोटाच्या खाली बांधून "माझी कंबर चौतीस" असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती मोजणी खरी नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप ठेवावी, श्वास सहजपणे सोडावा, पोट आत ओढू नये आणि मग आकडा वाचावा. भारतीय पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. याहून सोपी खूण म्हणजे, कमरेचा घेर आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

आपण शाकाहारी, तरीही असे का?

आपण मांसाहार करीत नाही, मद्याला शिवत नाही, रात्री जेवत नाही, कंदमुळे वर्ज्य करतो. मग पोट का सुटते? हा प्रश्न मला अनेक श्रावक कळकळीने विचारतात. उत्तर आपल्या डब्यांत आहे. गाठिया, फाफडा, शेव, चकली, कचोरी, मोहनथाळ हे सर्व पदार्थ शाकाहारी आहेत, परंतु तेला-तुपाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी शरीरात जातात, त्याला शाकाहाराची सूट नाही. पर्वतिथीला आपण हिरवी भाजी वर्ज्य करतो आणि तिच्या जागी शेवेची भाजी, तळलेले पापड आणि फरसाण घेतो. त्यागाचा दिवस, पण कढईला विश्रांती नाही! त्या दिवशी मुगाचे वरण, कढी, उकडलेले चणे, भाजलेला पापड एवढ्यावर उत्तम जेवण होते.

दुसरे कारण आपला व्यवसाय. पूर्वी गादीवर बसत, आता खुर्चीवर बसतात, बसणे तेच. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत गल्ल्यावर बसलेला मनुष्य दिवसभरात हजार पावलेही चालत नाही. घरापासून उपाश्रय पाच मिनिटांच्या अंतरावर, तरी आपण स्कूटर काढतो. आणि ज्यांच्या दर्शनाला आपण वाहनाने जातो, ते साधू-साध्वी वर्षातील आठ महिने अनवाणी विहार करीत असतात.

तिसरे कारण भगिनींशी संबंधित आहे. अन्न वाया जाऊ नये, ताटात काही उरू नये, ताट धुऊन ते पाणीही प्यावे, हा आपला फार सुंदर संस्कार आहे. परंतु घराघरांत त्याचा अर्थ असा झाला आहे की, मुलांनी टाकलेले, पातेल्यात उरलेले ते सर्व घरच्या गृहिणीने संपवावे. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, स्त्रियांची चरबी आपोआपच पोटाकडे वळते. त्यात ही भर पडते. भगिनींनो, नको असलेले अन्न पोटात साठविणे हादेखील अन्नाचा अपव्ययच आहे. उपाय एकच, शिजवितानाच मोजून शिजवावे आणि वाढतानाच कमी वाढावे.

ऊणोदरी : रोजचे तप

आपल्या शास्त्रात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. पहिले अनशन, दुसरे ऊणोदरी. तत्त्वार्थसूत्रात तिला अवमौदर्य म्हटले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा आणि स्त्रीचा २८ कवळांचा मानला असून, त्यातून एक कवळ जरी कमी घेतला तरी ती ऊणोदरी होते. किती सूक्ष्म विचार! आणि तरीही अनशनाचा आपण वरघोडा काढतो, ऊणोदरीचा कोणी काढत नाही. कारण ती दिसत नाही. ताटात आवडीचा पदार्थ आहे, वाढणारा आग्रह करतो आहे, भूकही थोडी शिल्लक आहे, अशा वेळी हात आखडणे हे माझ्या अनुभवात उपवासाहून कठीण आहे. उपवासात एकदाच निश्चय करावा लागतो, ऊणोदरीत तो प्रत्येक घासाला करावा लागतो.

माझा गैरसमज करून घेऊ नये. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, वजन कमी करणे हा नव्हे; आणि त्या हेतूविषयी बोलण्याचा अधिकार गुरुभगवंतांचा. वैद्य म्हणून मी एवढेच सांगू शकतो की, आठ दिवसांच्या उपवासात जे वजन उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि चरबीबरोबर थोडे स्नायूही झिजतात. पारण्यानंतर आठवडाभर गोडधोड चालले की वजन परत येते, झिजलेले स्नायू मात्र व्यायामावाचून तितक्या सहजपणे भरून येत नाहीत. माझे नेमके असेच होत होते. दर वर्षी अठ्ठाई आणि दर वर्षी पट्ट्याला एक नवे भोक. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः जे इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. उपवासात साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते.

आता रोजचा हिशेब पाहू. आपण व्यापारी, आपल्याला जमाखर्च शिकविण्याची गरज नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दिवसाकाठी दोन चमचे तेल-तूप कमी केले तर २४० कॅलरी वाचतात, महिन्याला सुमारे ७,२००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. कागदावर हे महिन्याला एक किलोच्या जवळ जाते. प्रत्यक्षात शरीरही आपला खर्च आवरते घेते, म्हणून उतार थोडा कमी असतो. पण तो टिकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आदर्श ताटात २,००० कॅलरींच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिले आहेत. त्या हिशेबाने चार प्रौढ माणसांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो तेल-तूप पुरे. आज घरी गेल्यावर किराणा मालाची यादी काढून पाहावी, म्हणजे माझे व्याख्यान निम्मे झाले असे समजावे.

काय कमी करावे हे झाले. काय वाढवावे तेही सांगतो. आपल्या ताटात पोळी-भात पुष्कळ आणि प्रथिने थोडी असतात. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून सुमारे ७ ग्रॅम, ग्लासभर दुधातून ८ ग्रॅम आणि ५० ग्रॅम पनीरातून ९ ग्रॅमच्या आसपास मिळतात. म्हणून दोन्ही जेवणांत पातळ पाण्यासारखे वरण नको, घट्ट वरण किंवा कडधान्याची उसळ असावी. मोड आलेली कडधान्ये आपल्यापैकी अनेकांना वर्ज्य आहेत. भिजवून, मोड येण्यापूर्वी शिजविलेले मूग, मटकी, चणे तितकेच उपयोगी आहेत. मुगाचे घावन, वाफवलेला ढोकळा, ताक, कोरडा खाखरा हे न्याहारीस उत्तम. गाठियाला मात्र सणाचा पाहुणा समजावे, घरजावई करू नये.

सूर्यास्तापूर्वी भोजन हा आपला नियम आरोग्याच्या दृष्टीनेही हितकर आहे. इन्शुलिनचे कार्य सकाळी अधिक चांगले आणि रात्री मंद असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांना पाच आठवडे दिवसाचे सर्व अन्न दुपारी तीनच्या आत, सहा तासांत दिले गेले. वजन घटले नाही, तरी इन्शुलिनचे कार्य सुधारले. परंतु "आता सकाळपर्यंत काही मिळणार नाही" या भीतीने संध्याकाळी साडेपाचला दुप्पट जेवणाऱ्या माणसाला चौविहार कसा वाचविणार? वेळेचा नियम आणि मात्रेचा नियम, दोन्ही एकत्र पाळावे लागतात.

मध्यभागाचे बळ

आता व्यायाम. पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी वितळते, हा सार्वत्रिक भ्रम आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ वेळा उताणे झोपून उठण्याचा व्यायाम केला. पोट, पाठ आणि नितंब येथील चरबीच्या पेशी तपासल्या, तेव्हा पोटावरची चरबी इतर ठिकाणांहून अधिक घटल्याचे दिसले नाही. चरबी सर्व शरीरातून उतरते, आणि ती आहार व चालणे यांनी उतरते. घाम आणणारे पट्टे आणि जाहिरातीतील चूर्णे यांनी केवळ खिसा हलका होतो.

मग पोटाचे व्यायाम कशासाठी? आधारासाठी. ज्याला इंग्रजीत 'कोअर' म्हणतात, तो शरीराचा मध्यभाग म्हणजे एक पेटीच आहे. पुढे पोटाचे उभे स्नायू, बाजूंना तिरके, सर्वांत आत कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू, मागे कण्याचे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. ही पेटी सैल झाली की पोट पुढे लोंबते, कणा वाकतो आणि कंबर दुखू लागते. सामायिकाला ४८ मिनिटे ताठ बसता येत नाही, भिंतीचा आधार शोधावा लागतो, ही त्याची पहिली खूण.

पुढील पाच प्रकार आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटे करावेत. सतरंजी एवढेच साहित्य.

एक : उताणे झोपून गुडघे वाकवावेत. श्वास सावकाश सोडत बेंबी कण्याकडे ओढावी, पाच अंक मोजावेत. दहा वेळा.

दोन : सेतुबंधासन. त्याच स्थितीत कंबर वर उचलावी, क्षणभर थांबून हळू खाली आणावी. दहा वेळा.

तीन : हात व गुडघे टेकून ओणवे व्हावे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ ताणावा, दहा अंक थांबावे, मग बाजू बदलावी. कंबर डगमगू देऊ नये.

चार : फलकासन. कोपरे आणि पायांची बोटे यांवर शरीर फळीसारखे सरळ धरावे. प्रारंभी दहा सेकंद पुरे. ज्यांना जमत नाही, त्यांनी टेबलाच्या कडेवर किंवा भिंतीवर हात टेकून करावे.

पाच : कुशीवर, एका कोपरावर व गुडघ्यांवर भार देऊन कंबर उचलावी. दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंद.

कोणत्याही प्रकारात श्वास रोखू नये. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पाठीचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आणि गर्भवती वा नुकत्याच प्रसूत झालेल्या भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. आणि या सर्वांच्या मुळाशी चालणे असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालले की ते पूर्ण होते. गल्ल्यावर बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे फिरावे.

ट्रस्टला एक विनंती

व्यक्तीने ठरवावे आणि समाजाने आग्रह करावा, अशाने काही साधत नाही. म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या स्वामीवात्सल्यात एक मिष्टान्न आणि एकच तळलेला पदार्थ असा नियम करावा, वाढणाऱ्या स्वयंसेवकांनी आग्रह न करण्याचे व्रत घ्यावे. उपाश्रयाच्या दाराशी एक टेप टांगून ठेवावी. आणि महाराजसाहेबांचा विहार असेल त्या पहाटे तरुणांनी पहिले तीन-चार किलोमीटर बरोबर चालावे. सेवा घडेल, सत्संग घडेल आणि व्यायामही घडेल.

माझी कथा पूर्ण करून थांबतो. पालिताण्याहून परतल्यावर मी कोणतेही मोठे व्रत घेतले नाही. रोज दोन चपात्या कमी, दोन चमचे तेल-तूप कमी, फरसाणाचा डबा घराबाहेर, सकाळी अर्धा तास चालणे आणि एक दिवसाआड सतरंजीवर पंधरा मिनिटे. पहिले दोन महिने काहीच दिसेना. तिसऱ्या महिन्यात पट्टा एक भोक आत गेला. दोन वर्षांनी, २०१३ च्या हिवाळ्यात, आईचा हात धरून मी तो डोंगर चढलो. घेर ९१ सेंटिमीटर होता, म्हणजे अजून परीक्षेत एका गुणाने नापास! पायथ्याशी डोलीवाले "साहेब, डोली?" असे विचारीत पुढे आले. मी हात जोडले. आई काही बोलली नाही, फक्त हसली. त्या हास्याइतके मोठे प्रमाणपत्र मला आजवर मिळालेले नाही.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर ताटातील शेवटचा एक घास आधीच कमी वाढून घ्यावा. आरंभ एवढाच असू द्या.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. ट्रस्टच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र.